जेवून लढलेला अनांग बोर्टे

समुद्राकाठच्या आमच्या बुकोम वस्तीत बोर्टेंच्या घरी मुलगा झाला की बापानं भिंतीत एक खिळा ठोकायचा, असा रिवाज. पुढं त्या मुलानं बॉक्सिंगमध्ये पट्टा जिंकायचा आणि त्या खिळ्याला लटकवायचा. मुलाला विचारायचं वगैरे काही नाही. आजोबांच्या नावाचा खिळा नव्हता, कारण त्यांच्या काळी पट्टेबिट्टे नसायचेच. दोन आळ्यांनी समुद्राकाठी समोरासमोर यायचं, एकमेकांना मनसोक्त बडवायचं आणि संध्याकाळी सुजल्या तोंडानं एकत्र मासे खायचे. पण त्यांचा मुलगा कोमे बोर्टे देशाचा चॅम्पियन झाला. समोरच्याचे दोन्ही डोळे ठोसे मारून मिटवून टाकायचा, म्हणून लोक त्याला कुलूप म्हणायचे. कुलुपाला चार मुलगे. थोरल्या तिघांचे तीन पट्टे बापाच्या पट्ट्याशेजारी लागले. चौथा खिळा रिकामा राहिला, तो अनांगचा.

आता यात अनांगचा काय दोष? दोष असेलच तर त्याच्या आठव्या दिवसाच्या पहाटेचा. आठव्या दिवशी पहाटे बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात, छपरावर पाणी उडवून त्याच्या अंगावर पाऊस पाडतात, आणि ज्याच्या हातावर बाळ असतं त्याचा स्वभाव बाळाला लागतो, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री आहे. कोमेनं त्या कामासाठी एका नावाजलेल्या बॉक्सरला सांगून ठेवलं होतं. तो गडी आदल्या रात्रीच्या दारूतून उठलाच नाही. उजाडायला लागलं, मुहूर्त चालला, आणि अंगणात हजर होता तो फक्त शेजारचा एक म्हातारा, जो विधीनंतरच्या जेवणासाठी सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. दिलं त्याच्या हातात पोर. म्हाताऱ्यानं आशीर्वाद दिला, पण नजर सारी चुलीकडे. कोमेच्या मते अनांगचं सगळं आयुष्य तिथंच बिघडलं.

तसा अनांग बॉक्सर वाईट नव्हता. त्याचा डावा हात असा काही यायचा की समोरच्याला कळायचंच नाही कुठून आला. पण घरात कुणी लढायला उतरायचं ते दात-ओठ खाऊन, आणि हा उतरायचा हसत. समोरच्यानं चांगला ठोसा मारला तर "वा!" म्हणायचा. एकदा पंचानं त्याला दम दिला, की बाबा रे, प्रतिस्पर्ध्याचं कौतुक करणं नियमात बसत नाही. तरीही तो जिंकायचा, निदान जास्त वेळा जिंकायचा. हरायचा तो रिंगमध्ये नाही, वजनाच्या काट्यावर. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर चढला की काटा पुढं पळायचा. मग दाढी कर, डोक्याचे केस काढ, थुंकून थुंकून पाणी कमी कर, प्लास्टिकचं पोतं अंगात घालून वाळूवर धाव. थोरला भाऊ तेत्ते त्याचा उस्ताद. तो म्हणायचा, "आम्ही माणसांशी लढलो, हा केंकीशी लढतो. आणि केंकी जिंकते!"

केंकी म्हणजे आंबवलेल्या मक्याचा, मक्याच्याच सालीत बांधून उकडलेला गोळा. सोबत तळलेला मासा आणि मिरचीची हिरवी नाहीतर काळी चटणी. बुकोममध्ये हे नुसतं नाव घेतलं तरी माणूस वळून बघतो, आणि अनांग तर थांबूनच राहायचा. तो असाच एकदा मासे तळून विकणाऱ्या आजेले नावाच्या मुलीच्या कढईपुढं थांबला आणि रोज थांबू लागला. महिनाभरानं त्यानं तिला मागणी घातली. आजेले झारा हातात धरून म्हणाली, "खरं सांग, तुला मी हवी का माझा मासा?"

अनांगनं क्षणभर विचार केला. तेवढंच चुकलं. झारा त्याच्या कानाजवळून गेला, आणि त्यानं मान वाकवून तो असा काही चुकवला की आजेलेला हसू आवरेना. झालं लग्न.

आता लग्न झालं म्हणून नवरा-बायकोनं एका छपराखाली राहायचं, असलं खूळ आमच्या जुन्या वस्तीत नाही. पुरुष पुरुषांच्या घरात, बायका बायकांच्या घरात, आपापल्या आया-मावश्यांसोबत. बायको नवऱ्याकडे कधी येते, कधी जाते, ते कुणी बघत नाही. पण संध्याकाळी ती जे जेवणाचं पातेलं पाठवते ना, त्याकडे अख्ख्या आळीचं लक्ष असतं. झाकणाचं, फुलाफुलांचं एनॅमलचं पातेलं, वरून फडकं बांधलेलं. ते आलं नाही तर बायको रागावलीय. ते भरलेलंच परत गेलं तर नवऱ्यानं बायको सोडलीय, मग त्यानं तोंडानं काहीही म्हणो. आणि त्या पातेल्यातला पहिला घास नवऱ्यानंच घ्यायचा. त्यानंतर भावाला दे, मित्राला दे, मांजराला दे, पण पहिला घास त्याचा.

आजेलेचं पातेलं आणायची तिची फोफो मावशी. बाई विधवा, जाडजूड, आणि आवाज असा की ती गल्लीच्या तोंडाशी आली की पार टोकाच्या घरातल्या माणसानं हात धुवावेत. "सरका रे, जेवण चाललंय! आज लाल मासा आहे, कुणी विचारू नका!" असं कुणी न विचारताच ओरडत यायची.

कोमेला मात्र पातेलं येत नसे. त्याची बायको डेडे, म्हणजे अनांगची आई, तीन गल्ल्या सोडून तिच्या माहेरच्या घरात राहायची. वीस-बावीस वर्षांत तिच्याकडून पातेलं आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुलुपासमोर ते बोलायची कुणाची छाती नव्हती. म्हातारा मुलांच्या पानात जेवायचा. आणि संध्याकाळी अनांग वाळूवर धावायला गेलेला असताना त्याचं पातेलं येऊन दारात टेकलं, की म्हातारा इकडंतिकडं बघून हळूच फडकं सोडायचा आणि माशाच्या शेपटाकडचा एक तुकडा तोंडात टाकायचा. "मीठ बघतो," असं स्वतःशीच पुटपुटायचा. मुलाच्या बायकोच्या पातेल्यात मुलाच्या आधी हात घालणं म्हणजे मोठी लाजिरवाणी गोष्ट. पण फडकं परत जसंच्या तसं बांधण्यात त्याचा हात बसलेला होता. हातांना ग्लोव्हजच्या नाड्यांची सवय होती ना आयुष्यभर.

अनांग तिशी ओलांडून गेला आणि चौथ्या खिळ्याला गंज चढला, तेव्हा अचानक पट्ट्याची लढत चालून आली. अनांगच्या, म्हणजे लाइटवेट वजनगटाचा चॅम्पियन होता ओकाइन नावाचा. त्याच्याशी ज्याला लढायचं होतं तो गडी हात मोडून बसला आणि आयोजकांना घाईनं दुसरा हवा होता. तेत्ते संध्याकाळी येऊन म्हणाला, "हे बघ अनांग, ही शेवटची संधी. यानंतर तुला कुणी विचारणार नाही. वजन उतरव. बाकीचं तुझा डावा हात बघून घेईल."

कोमे उठला, चौथ्या खिळ्यावरचा गंज नखानं खरवडला आणि परत येऊन बसला. बापाच्या चेहऱ्यावर एवढी आशा त्यानं कधी बघितली नव्हती.

पण वजन उतरेल तर शपथ! दिवसभर घाम गाळायचा आणि संध्याकाळी पातेल्याचं झाकण उघडायचं. "पहिला घास घे आणि बाकीचं आम्हाला दे," असं तेत्ते कळवळून सांगायचा. पण पहिला घास घेऊन अनांग थांबला, असं आजवर एकदाही घडलं नव्हतं. त्याचा हात एकदा पातेल्यात गेला की तळ लागल्यावरच बाहेर यायचा. पातेलं न पाठवावं तर आजेलेच्या घरच्या बायका "काय गं, भांडलात?" म्हणून तिला फाडून खातील. परत पाठवावं तर संपलंच. आता बोला!

तोड काढली ती आजेलेनं. लढतीच्या आठवड्यात सोमवारी सकाळी अनांग तिच्या कढईपासून चांगला दहा हात लांब उभा होता, नाक दाबून.

"ऐक," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आजपासून काटा होईपर्यंत पातेल्यात जेवण नाही."

"मग?"

"दगड."

"दगड?"

"ओरडू नकोस. फडक्यात गुंडाळून घालीन, म्हणजे वाजणार नाही. पातेलं जड लागलं की मावशीला संशय नको. तू धावून आलास की दगड काढायचा, समुद्रात टाकायचा आणि पातेलं धुऊन परत द्यायचं. आळीनं पातेलं आलेलं बघितलं, रिकामं गेलेलं बघितलं. तू उपाशी, मी सुखी."

अनांगला आपल्या बायकोचा इतका अभिमान वाटला की त्याला तिथल्या तिथं भूक लागली. त्यानं वाळूकडे धूम ठोकली.

सोमवारी संध्याकाळी फोफो मावशी पातेलं घेऊन आली ती मान चोळतच. "काय भरलंय गं बाई यात! नवऱ्याला खायला घालतेय का घर बांधतेय?" असं म्हणून तिनं पातेलं दारात ठेवलं. अनांग अजून वाळूवर होता. कोमेनं इकडंतिकडं बघितलं, फडकं सोडलं, मीठ बघायला हात घातला आणि हाताला लागला चांगला नारळाएवढा दगड.

म्हातारा हबकलाच. बायकोनं नवऱ्याला दगड पाठवला! असलं कधी कुणी ऐकलं होतं? पातेलं न पाठवणं म्हणजे राग. पण दगड पाठवणं म्हणजे काय? शाप? त्यानं फडकं परत बांधलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला. थोड्या वेळानं अनांग आला. त्यानं पातेलं आत नेलं, बाहेर आला, शीळ घालत समुद्राकडे गेला आणि येऊन पातेलं धुतलं.

"जेवलास?" कोमेनं विचारलं.

"झकास जेवलो," अनांग म्हणाला आणि ढेकर दिला.

कोमेच्या डोळ्यांत पाणीच आलं. केवढं दुःख गिळतोय माझा पोरगा, आणि वर ढेकर देतोय! त्यानं उठून अनांगच्या खांद्यावर हात ठेवला. बापानं असा हात ठेवल्याचं अनांगला आठवत नव्हतं. तो बिचारा घाबरलाच, की म्हाताऱ्याची तब्येत तर ठीक आहे ना.

मंगळवारी पुन्हा दगड. बुधवारचा तर सोमवारच्या दगडाहून मोठा. कोमेला राहवेना. कुणाला सांगावं तर पहिला प्रश्न येणार, की कुलूप, तू ते पातेलं उघडलंस कसं? मग त्यानं डोकं चालवलं. गुरुवारी सकाळी खांद्यावर चांगलं वस्त्र टाकलं आणि वस्तीच्या वडीलधाऱ्यांकडे गेला.

"काल माझ्या स्वप्नात माझे वडील आले होते," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "म्हणाले, कोमे, अनांगच्या पातेल्यात दगड आहे."

वडीलधारी मंडळी चपापली. स्वप्नात पूर्वज येतात, पण ते म्हणतात जपून रहा, समुद्राला विसरू नका, असलं काहीतरी. इतकं नेमकं कुणी सांगत नाही. "फक्त दगडच म्हणाले?" एकानं विचारलं.

"फडक्यात गुंडाळलेला," कोमे म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

पूर्वजांनी फडकंसुद्धा बघितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. गुरुवारी संध्याकाळी बोर्टेंच्या अंगणात दोन्हीकडची माणसं जमली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधोमध पूर्वजांसाठी शिंपडायच्या जिन दारूची बाटली. डेडेसुद्धा आली होती. मुलाच्या लग्नाची गोष्ट होती, यावंच लागलं. ती नवऱ्याकडे पाठ करून बसली. फोफो मावशी नेहमीसारखी ओरडत आली, एवढी माणसं बघून गप्प झाली आणि तिनं पातेलं मध्ये ठेवलं. अनांग आणि आजेलेनं एकमेकांकडे बघितलं. दोघांचेही चेहरे उतरले होते. मेलेल्या आजोबांना हे कसं कळलं, हेच त्यांना कळत नव्हतं.

वडीलधाऱ्यांतल्या मुख्य म्हाताऱ्यानं झाकण काढलं, फडकं उलगडलं आणि दगड वर धरून सगळ्यांना दाखवला.

"बघितलंत!" कोमे ओरडला.

एकच गलका उठला. सगळ्यांत वरचा आवाज फोफो मावशीचा. "म्हणजे मी चार दिवस डोक्यावरून धोंडे वाहतेय? अगं ए भवाने, माझ्या मानेचा तरी विचार करायचा होतास!"

आजेलेनं उभं राहून सगळं सांगितलं. काटा, उपास, आळीचे डोळे, सगळं. अनांगनं मान डोलवून डोलवून साथ दिली. वडीलधारी मंडळी एकमेकांच्या कानाला लागली. मग मुख्य म्हातारा म्हणाला, "असेलही तसं. पण आमच्यासमोर दगड निघालाय आणि तो तुमच्या पूर्वजांनी दाखवलाय. हे असं सोडता येत नाही. पोरी, आत्ता जा, खरं जेवण घेऊन ये. अनांग आमच्यादेखत पहिला घास घेईल. आम्ही जिन शिंपडू आणि हा विषय इथंच मिटेल. नाही घेतला, तर तुमचं नातं मिटलं असं धरू."

"आत्ता?" तेत्ते किंचाळला. "उद्या सकाळी काटा आहे!"

"एक घास रे, एक घास! एका घासानं काय होतं?"

"कुणाला विचारताय? याला?" तेत्तेनं कपाळावर हात मारला.

आजेले जाऊन पातेलं भरून घेऊन आली. झाकण निघालं आणि अंगणभर वास पसरला. अनांग चार दिवसांचा उपाशी होता. त्याचे डोळे मोठे झाले, नाकपुड्या फुलल्या, पण त्यानं हात पाठीमागे बांधून घेतले. त्याला पट्टा हवा होता. बापाचं ते खिळा खरवडणं त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आणि आजेले जाईल, हेही त्याला सोसणार नव्हतं.

आता कोमेच्या डोक्यात प्रकाश पडला. दगड म्हणजे शाप नव्हता, युक्ती होती. आपणच पोराचा घात केला! तो ताडकन उठला. "नको खाऊस अनांग! परत पाठव ते पातेलं. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. मी पाठवलं होतं परत, माझ्या लढतीच्या वेळी. पट्टा आला की नाही घरी?"

"आला की," डेडे म्हणाली. ती अजून पाठ करूनच बसली होती. "आणि मग?"

कोमेनं मधली जिनची बाटली उगाच उचलून परत ठेवली.

"सांगा ना, मग पुढं काय झालं?" ती आता वळली. "वजनाचं खरं सांगितलं असतंत तर मीही दगड घातले असते. रोज घातले असते. पण नाही. अख्ख्या आळीसमोर माझं भरलेलं पातेलं परत पाठवलंत, आणि वर निरोप काय, तर मीठ जास्त झालंय. लोक हसले मला. पट्टा लागला भिंतीवर. त्या पट्ट्यानं कधी संध्याकाळी तुम्हाला जेवण आणून दिलं का हो?"

कुलूप म्हणतात त्या माणसाच्या तोंडालाच कुलूप लागलं. तो खाली बसला.

अनांगनं हात धुतला. आजेले त्याच्याजवळ येऊन हलकेच म्हणाली, "एकच घास. छोटा. मी बघतेय."

त्यानं केंकीचा छोटासा तुकडा तोडला, चटणीत बुडवला, माशाचा कण लावला आणि तोंडात टाकला. मुख्य म्हाताऱ्यानं जिन शिंपडली. "झालं! मिटलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनांगनं डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं दुसरा तुकडा तोडला.

"अनांग," तेत्ते म्हणाला.

तिसरा.

"अनांग, झालं की, मिटलं!"

"बस की रे बाबा, आमचं काही म्हणणं नाही आता," मुख्य म्हातारा काकुळतीला येऊन म्हणाला. तेत्तेनं पातेलं ओढलं. अनांगनं डाव्या हातानं ते धरून ठेवलं, आणि तो डावा हात कसला होता हे तुम्हाला माहीत आहेच. तेत्तेच्या जोडीला आणखी एक भाऊ लटकला, तरी पातेलं हललं नाही. उजवा हात शांतपणे आपलं काम करत होता. आजेले आधी "अरे, अरे" करत होती, मग तिला हसू फुटलं, आणि ते बघून सगळ्या बायका हसायला लागल्या. डेडे तर डोळ्यांना पदर लावून हसत होती. कोमेनं तिला हसताना बघितलं आणि घाईनं दुसरीकडं बघितलं. तळ लागल्यावर अनांगनं बोटं चाटली आणि म्हणाला, "एकाच घासावर उठलो असतो तर बायकोचा अपमान झाला असता."

शुक्रवारी सकाळी काटा व्हायचा तोच झाला. वजन उतरवायला थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात अख्ख्या बोर्टे घराण्यानं त्याला वाळूवर पळवलं. डोकं तासलं, भुवयासुद्धा काढल्या. फोफो मावशीनं सुचवलं की दात काढावेत, म्हणजे पुढचाही प्रश्न सुटेल. पुन्हा काट्यावर उभा केला, तर एका केंकीच्या गोळ्याइतकं वजन जास्तच. नियम सरळ होता. लढत होईल, पण अनांग जिंकला तरी पट्टा त्याला मिळणार नाही. ओकाइननं खुशीनं मान डोलवली. तो बिचारा आठवडाभर घोट घोट पाण्यावर वाळून धुरावरच्या माशासारखा झाला होता, पण भुवया नसलेल्या या माणसाला घाबरायचं काय कारण?

शनिवारी टाऊन हॉल खच्चून भरला होता. पहिल्या तीन फेऱ्या ओकाइन चांगला लढला आणि अनांगनं दोनदा त्याला "वा!" म्हटलं. मग ओकाइनचे पाय जड झाले. भरल्या पोटाचा माणूस मात्र ताजातवाना होता. सहाव्या फेरीत तो डावा हात आला, ओकाइनच्या बरगड्यांखाली लागला, आणि चॅम्पियन जो खाली बसला तो उठलाच नाही. पंचानं अनांगचा हात वर केला. त्याच वेळी कोपऱ्यात स्टुलावर बसवलेल्या ओकाइनच्या कंबरेला दोघंजण पट्टा बांधत होते, आणि त्याला विचारत होते की तुझं नाव काय. हॉलमध्ये लोक हसून हसून बेजार झाले. बाहेर बँडवाल्यांनी तिथल्या तिथं गाणं रचलं, की पट्टा ओकाइनचा आणि पोट अनांगचं. ते गाणं अजूनही बुकोममध्ये म्हणतात.

पुढं अनांग वरच्या वजनात आणखी काही वर्षं लढला. जिंकला, हरला, दोन्ही वेळा पोटभर जेवला. पट्टा काही आला नाही. आता तो पोरांना शिकवतो, आणि शिकवून झालं की आजेलेच्या कढईपाशी सापडतो. पण त्या लढतीनंतरच्या रविवारचं सांगायचं राहिलंच.

रविवारी संध्याकाळी कोमे अंगणात एकटाच बसला होता. चौथ्या खिळ्याचं दुःख होतंच. डेडेचे शब्दही डोक्यातून जात नव्हते. अनांगनं गंज लागलेल्या खिळ्याकडं बघून "बाबा, रागावलात?" असं विचारलं, तर म्हातारा नुसताच "नाही" म्हणाला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. "सरका रे, सरका! आज दोन आहेत! एक डोक्यावर, एक काखेत! या घरानं माझ्या मानेचा सूड घ्यायचा ठरवलाय!"

फोफो मावशीनं एक पातेलं अनांगपुढं ठेवलं. दुसरं, निळ्या काठाचं, रंग उडालेलं, कोमेपुढं.

"हे कुणाचं?" कोमेनं विचारलं, पण त्याला ठाऊक होतं. ते पातेलं त्यानं स्वतः परत पाठवलेलं होतं.

त्याला फडक्याची गाठ सुटेना. ज्या हातांनी इतकी वर्षं पोराच्या पातेल्याच्या गाठी गुपचूप सोडल्या आणि बांधल्या, त्यांना ही एक गाठ सुटेना. शेवटी अनांगनं सोडली. कोमेनं झाकण काढलं. आत दगड होता.

फोफो मावशीनं तोंडावर हात ठेवला. अनांगला हसावं का रडावं कळेना. कोमे मात्र दगडाकडे बघत राहिला आणि हळूहळू हसायला लागला. वीस-बावीस वर्षांनी तिनं काहीतरी पाठवलं होतं. मग त्यानं दगड उचलला, तर खाली केळीच्या पानात गुंडाळलेला तळलेल्या माशाचा त्याचा आवडता शेपटाकडचा तुकडा होता, आणि केंकीचा एक गरम गोळा.

तो सावकाश जेवला. कुणाला एक कणही दिला नाही, आणि अनांगनं चक्क मागितला नाही. जेवून झाल्यावर म्हाताऱ्यानं पातेलं स्वतः घासलं, पुसलं, झाकण लावलं. फोफो मावशी हात पुढं करून म्हणाली, "द्या, मी नेते."

"हे मी नेणार," कोमे म्हणाला.

देशाचा चॅम्पियन रिकामं पातेलं दोन्ही हातांत धरून तीन गल्ल्या चालत गेला. बायका दारात आल्या, पुरुषांनी पत्ते खाली ठेवले. त्याच्या मागं, पण चांगलं अंतर राखून, अनांग आणि फोफो मावशी गेले, कारण असं सोडून कोण घरी बसेल? डेडे दारातच उभी होती. तिनं पातेलं घेतलं, झाकण उघडून आत बघितलं, तळ लख्ख होता.

"मीठ कसं होतं?" तिनं विचारलं.

"बरोबर होतं," कोमे म्हणाला. मग घसा खाकरला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "तेव्हाही बरोबरच होतं."